जिल्ह्याची सरासरी आणि घाटाखालची माणसं

डिसेंबर २०२४ सरताना बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांच्या डोक्याला आधी खाज सुटली, मग केस राठ झाले आणि दोन-तीन दिवसांत कंगव्यात, उशीवर, नुसत्या चिमटीतही पुंजके येऊ लागले. जानेवारीत बातमी राज्यभर गेली. वाहिन्यांनी ‘टक्कल व्हायरस’ म्हणून बारसंही उरकून टाकलं. पुढे बाधित गावं अठरा झाली आणि रुग्णांचा आकडा २७९वर गेला. बायका डोक्यावरचा पदर ढळू देईनात, पोरांनी उरलेले केसही उतरवून टाकले, आणि ठरत आलेली लग्नं अडू लागली.

पहिला संशय पाण्यावर गेला. तो जाणारच होता. शेगाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाण पट्ट्यात येतं. इथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, माठाला आतून पांढरा थर धरतो. नमुने तपासले तेव्हा क्षार जास्त निघाले, नायट्रेटही जास्त निघालं. पण पाणी खारं आहे हे सांगायला या भागात प्रयोगशाळा लागत नाही. आजोबा-पणजोबांनीही तेच प्यायलं. मग केस नेमके त्याच हिवाळ्यात का गळाले, आणि शेजारच्या शेकडो खाऱ्या गावांत का गळाले नाहीत, याला पाण्याच्या अहवालात उत्तर नव्हतं. बुरशीचा संशय झाला, शाम्पूचा झाला, त्वचेचे तुकडे तपासायला गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) शास्त्रज्ञ आले आणि रक्त, लघवी, केस, पाणी, माती, धान्य यांचे नमुने घेऊन गेले.

याच सुमारास महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर गावांत फिरून गेले. विंचूदंशाने कोकणात माणसं पटापट मरत असताना प्राझोसिन वापरून ते मृत्यू रोखणारे तेच हे बावस्कर. त्यांनी फेब्रुवारी २०२५मध्ये निष्कर्ष मांडला तो सेलेनियमचा: रुग्णांच्या रक्तात ते नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट आढळलं, उलट जस्त कमी झालेलं. त्यांनी बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हाकडे. त्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. एरवी ते १.९ मिलिग्रॅमच्या आत असतं. गहू धुऊन पुन्हा तपासला, तर १३.६१. या दुसऱ्या आकड्यावर मी बराच वेळ थांबलो. वरून लागलेली धूळ किंवा फवारणी असती तर धुतल्यावर बरीचशी गेली असती. म्हणजे जे काही होतं ते दाण्याच्या आतच होतं, जिथे तो गहू पिकला त्या मातीतून आलेलं. आणि रेशनचा बराचसा गहू जिथून येतो त्या पंजाबात नवांशहर-होशियारपूर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हे कृषिशास्त्रज्ञांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे.

ही बावस्करांची मांडणी आहे. तिच्यावर सरकारी शिक्का बसला आहे असं मी म्हणत नाही. शिवाय एक अडचण उरतेच. रेशनचा गहू काही अठराच गावांत वाटला जात नाही. त्याच लॉटचे कट्टे आणखी कुठे कुठे उतरले, तिथे कुणाचे केस गळाले का, बाधित गावांतल्या पण स्वतःच्या शेतातला गहू खाणाऱ्या घरांत काय झालं, ज्वारीच्या भाकरीवर राहणाऱ्या घरांत काय झालं? एवढं मोजलं की वाद बराचसा मिटतो. चीनमधल्या हुपै प्रांतात एन्शी भागात १९६१ ते १९६४ दरम्यान असंच घडलं होतं. केस गेले, नखं गेली. तिथल्या संशोधकांनी माती, धान्य, माणूस असा सगळा माग काढून सेलेनियमपर्यंत वाट आणून सोडली, आणि त्या कामाचा सविस्तर वृत्तांत १९८३मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तो कुणाच्या टेबलावर असता तर जानेवारीतले दोन आठवडे वाचले असते.

हे प्रकरण मी सुरुवातीला घेतलं ते केसांसाठी नाही. केस बहुतेकांचे पुन्हा आले. मला त्यातलं दुसरंच काहीतरी महत्त्वाचं वाटतं: ज्या खलनायकाला सगळा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो, त्याच्यावरच पहिला आळ गेला, आणि दिसतंय त्यावरून तो आळ चुकीचा ठरला. त्या संशयावर भिस्त ठेवून जिल्ह्याने त्या महिन्यात नुसत्या पाण्याच्या टाक्या बसवल्या असत्या, तर गोड पाणी पिऊन लोकांनी तोच गहू खाल्ला असता.

आता याच पट्ट्यातला दुसरा आजार घ्या. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या किडनीच्या रोगाची चर्चा दहा-पंधरा वर्षं तरी चालू आहे. वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्त्यांत दर उन्हाळ्यात त्यावर पानभर मजकूर येतो. विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. गावात विचारा, कारण लगेच सांगतील: खारं पाणी. पण कोणत्या गावात, प्रौढ माणसांपैकी किती जणांची किडनी कितपत कामातून गेली आहे, आणि घाटावरच्या तशाच गरीब, तसंच उन्हात राबणाऱ्या गावात तो आकडा किती, याचं उत्तर जिल्ह्याच्या आरोग्य आराखड्यात मिळत नाही. केस गळणं डोळ्यांना दिसतं, म्हणून आठवडाभरात कॅमेरे आले. किडनी आवाज न करता जाते. माणूस अकोल्याला डायलिसिसला जातो, वर्ष-दोन वर्षांत शेत विकलं जातं, आणि गावच्या नोंदवहीत त्याच्या मृत्यूपुढे जे लिहिलं जातं त्यावरून कुणाला काही कळत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात आरोग्याचं नियोजन डोकी मोजून होतं, आजार मोजून होत नाही. आणि आजार मोजायचा तर तो दवाखान्यात नव्हे, वस्तीत मोजावा लागतो.

डोकी मोजण्याची पद्धत जुनी आहे आणि तिची स्वतःची एक नैतिकता होती. भोर समितीने १९४६मध्ये सांगितलं की दवाखाना पैसेवाल्याच्या दारात न जाता लोकसंख्येच्या हिशोबाने उघडला पाहिजे. त्यातूनच पुढे आजचे निकष आले: सपाट भागात पाच हजारांमागे उपकेंद्र, तीस हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र, सव्वा लाखाच्या आसपास ग्रामीण रुग्णालय, डोंगरी-आदिवासी भागात हेच तीन हजार, वीस हजार, ऐंशी हजार. या निकषांमुळेच सातपुड्याच्या पायथ्याला कोरकू वस्त्यांच्या जवळ निदान एक नर्स तरी पोचली. त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. पण हा हिशोब इमारत कुठे बांधायची तेवढं सांगतो; त्या इमारतीत कोणती तपासणी ठेवायची, कोणता तज्ज्ञ बसवायचा, कोणतं औषध कमी पडता कामा नये, हे सांगत नाही. लोणारच्या आणि संग्रामपूरच्या आरोग्य केंद्रांना औषधांची यादी एकच मिळते.

त्यातही डोकी २०११ची आहेत. त्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. २०२१ची जनगणना झालीच नाही. आता ती २०२७ची होऊ घातली आहे. मध्ये सोळा वर्षं गेली. घाटावरची माणसं संभाजीनगर, पुण्याकडे गेली, खामगाव, शेगाव, मलकापूरची शहरं वाढली, आणि पदं मंजूर करताना भाजक अजून तोच.

घाटावर आणि घाटाखाली हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे पठारावरचे. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे पूर्णेच्या खोऱ्यातले; मोताळा दोहोंच्या मधला. माती वेगळी, पाणी वेगळं, उन्हाळा वेगळा. मे महिन्यात बुलढाण्याच्या बसस्थानकावर माणूस सावलीत बसू शकतो. त्याच दुपारी नांदुऱ्याला पंख्याखालीही जीव नकोसा होतो. या दोन प्रदेशांची मिळून एक सरासरी काढायची आणि तिला ‘जिल्हा’ म्हणायचं, हे आरोग्याच्या बाबतीत धोक्याचं आहे. घाटाखालचं दुखणं घाटावरच्या निरोगी आकड्यांत विरघळून जातं, आणि घाटावरचं घाटाखालच्यात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हे आपल्याकडचं लोकसंख्येवर आधारलेलं सर्वांत भरवशाचं साधन. २००५-०६च्या तिसऱ्या फेरीपर्यंत त्यातून फक्त राज्याचा आकडा मिळायचा. २०१५-१६च्या चौथ्या फेरीपासून जिल्ह्याचा मिळू लागला, ही मोठी गोष्ट झाली. पण पाचव्या फेरीत अख्ख्या महाराष्ट्रात ३१,६४३ घरं पाहिली गेली. छत्तीस जिल्ह्यांत वाटून पाहा: एका जिल्ह्याला सरासरी नऊशेच्या आत. तेरा तालुक्यांच्या जिल्ह्यात म्हणजे तालुक्याला सत्तरएक घरं. त्यातून संग्रामपूरविषयी काही बोलता येत नाही, आणि सर्वेक्षण करणारेही तसा दावा करत नाहीत. दावा आपण करतो. जिल्ह्याचं फॅक्ट-शीट हातात आलं की बैठकीत त्यातला एक टक्का वाढला म्हणून खुलासा मागायचा आणि दोन टक्के कमी झाला म्हणून सत्कार करायचा, ही आपली रीत. तो टक्का नमुन्याच्या चुकीच्या मर्यादेत वर-खाली झाला असेल, हे कुणी बोलत नाही.

दुसरं साधन म्हणजे दवाखान्यांची मासिक आकडेवारी. प्राथमिक आरोग्य केंद्रातली महिनाअखेरीची दुपार आठवा. आशाताईंच्या डायऱ्या उघड्या, एएनएम रकाने भरताहेत, डेटा ऑपरेटरच्या संगणकावर पोर्टल गोल गोल फिरतंय, तालुक्यावरून ‘रिपोर्ट कधी टाकताय’ म्हणून दोनदा फोन झालाय. किती बाळंतपणं, किती लसी, किती गोळ्या वाटल्या, हे सगळं त्या दिवशी वर जातं. केलेल्या कामाचा हिशोब म्हणून तो ठीक आहे. पण जो माणूस आरोग्य केंद्रात आलाच नाही तो त्यात येत नाही. आणि घाटाखालच्या आजारी माणसाला स्वतःच्या जिल्ह्यात थांबण्याचं कारण काय? मलकापूरचा माणूस जळगाव किंवा बऱ्हाणपूर गाठतो, शेगाव-खामगावचा अकोला, देऊळगाव राजाचा जालना, चिखलीचा संभाजीनगर. जिल्ह्याचे सर्वांत गंभीर रुग्ण चार-पाच परक्या शहरांत विखुरलेले, आणि आपण जिल्हा रुग्णालयाचं रजिस्टर पाहून ठरवणार की या जिल्ह्याला काय झालंय.

तिसरं साधन साथरोग सर्वेक्षणाचं. कावीळ, अतिसार, डेंग्यू, गोवर यांचे आकडे नेमाने जातात, आणि ती व्यवस्था साथी पकडते, यात शंका नाही. पण ती ओळखीच्या चोरांची यादी घेऊन बसलेली आहे. केस गळणं त्या यादीत नव्हतं. किडनीचा आजार तर साथच नाही.

आता कुणी म्हणेल, जिल्ह्यापेक्षा लहान किंवा जिल्ह्याच्या हद्दी ओलांडून जाणारं नियोजन सरकारी चौकटीत बसत नाही. बसतं. कृषी खात्याने बसवून दाखवलं आहे. जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दुष्काळी भागातली ४,२१० गावं घेतली, आणि त्यांच्या जोडीला पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यातली ९३२ गावं वेगळी मोजून घेतली. अमरावती, अकोला, बुलढाणा अशा जिल्ह्यांतून पसरलेला हा पट्टा हा एक प्रदेश आहे, इथल्या शेततळ्याला, पिकाला, सिंचनाला वेगळा विचार लागतो, हे मान्य झालं. त्याच ९३२ गावांतल्या माणसाच्या शरीराला मात्र तीन जिल्ह्यांचे तीन आराखडे, आणि तिन्हींत खारपाण हा शब्द पाणीपुरवठ्याच्या रकान्यापलीकडे क्वचितच. कपाशीच्या मुळांना जे कळतं ते आरोग्य विभागाला कळायला हरकत नसावी.

संशोधनाच्या जोरावर आरोग्यसेवा बदलते ही कल्पना आपल्याला परदेशातून आणायला नको. महाराष्ट्रानेच ती देशाला दाखवली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या बायकांची सरसकट तपासणी केली, आजारी म्हणून आलेल्यांचीच नाही. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा की ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि एकूण बायकांपैकी आठ टक्क्यांचीच आधी कधी तपासणी झाली होती. दवाखान्याच्या रजिस्टरवरून पाहिलं असतं तर त्या गावांत स्त्रीरोग जवळपास नव्हतेच! पुढे नवजात बालकांचं काम. ३९ गावांत गावातल्याच बाईला घरोघरच्या बाळाची काळजी शिकवली, ४७ गावांत नेहमीचीच सेवा चालू ठेवली, दोन्हीकडचा प्रत्येक जन्म आणि मृत्यू मोजला. १९९९मध्ये जाहीर झालं की नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. आज देशभरातली आशा बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते, त्या भेटीमागे गडचिरोलीतली ती मोजणी आहे. त्याच जिल्ह्यातल्या ८६ गावांत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने मृत्यूची कारणं घरोघर विचारली तेव्हा कळलं की सर्वाधिक मृत्यू पक्षाघाताने होतात, शंभरातले चौदा. आदिवासी जिल्हा म्हणजे हिवताप आणि कुपोषण, अशी समजूत घेऊन बसलेल्यांना हा धक्काच होता. अशा ठिकाणी रक्तदाबाची गोळी आरोग्य केंद्रात बाराही महिने असणं, हे मलेरियाच्या गोळीइतकंच महत्त्वाचं ठरतं.

दुसरं उदाहरण बार्शीचं. १९८७मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तीन तालुके, दोन जिल्हे. म्हणजे जिल्ह्याची हद्द तेव्हाही आड आली नाही. त्या नोंदीतून खेड्यातल्या बायकांत गर्भाशयमुखाचा कर्करोग किती आहे आणि तो किती उशिरा हाती येतो ते समोर आलं. त्याच भागात, त्यावेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १,३१,७४६ बायकांवर तपासणीच्या वेगवेगळ्या पद्धती पडताळल्या गेल्या, आणि २००९मध्ये जगाला कळलं की आयुष्यात एकदा जरी एचपीव्हीची चाचणी केली तरी या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात. जगभरच्या धोरणांत हा अभ्यास उद्धृत होतो. आपल्या उपकेंद्रातल्या बाईपर्यंत ती चाचणी मात्र अजून पोचलेली नाही. संशोधन झालं की नियोजन आपोआप सुधारतं, असं मानण्याइतका भाबडेपणा नको, म्हणून हेही सांगितलं. अभ्यास वाचून त्याचं काय करायचं हे ठरवणारी खुर्ची नसेल तर अभ्यास नियतकालिकातच राहतो.

आणि आपल्या जिल्ह्यांत ती खुर्ची दोन ठिकाणी विभागलेली आहे. गावची सेवा जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. उपकेंद्रात किडनीचा संशयित सापडला तर तो एकाचा, डायलिसिसचं यंत्र दुसऱ्याचं. दोघांची आकडेवारी एकाच टेबलावर येते ती जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत, आणि तिथे विषय असतो खर्चाची टक्केवारी.

या सगळ्यावर एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. लोक मरताहेत आणि तुम्ही मोजत बसणार? डॉक्टरांची पदं रिकामी आहेत हे कळायला कोणतं संशोधन लागतं? नाही लागत. साप चावलेल्याला जवळच्या केंद्रात लस मिळाली पाहिजे, बाळंतिणीला रक्त मिळालं पाहिजे, यासाठी अभ्यासगट नेमणं ही निव्वळ टाळाटाळ आहे, आणि ‘अहवालाची प्रतीक्षा आहे’ हे वाक्य विदर्भाने पुरेसं ऐकलं आहे. २००६मध्ये शेतकरी आत्महत्यांनंतर सहा जिल्ह्यांत, बुलढाणाही त्यात होता, सतरा लाखांहून जास्त शेतकरी कुटुंबांची सरकारने घरोघर पाहणी केली. कर्ज, मुलींची लग्नं यांच्याबरोबर घरातलं गंभीर आजारपणही त्या पाहणीत नोंदलं गेलं. एवढी प्रचंड माहिती हाती असताना सरकारी मदतीच्या पॅकेजचा मोठा हिस्सा सिंचन आणि कर्जाकडे गेला. आजारपणाने कर्जात गेलेल्या घरांचा माग पुढे कुणी ठेवला नाही. मोजून विसरणं हे न मोजण्यापेक्षा वाईट, कारण पुढच्या वेळी लोक दार उघडत नाहीत.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या करतो. ज्याचं कारण आणि उपाय माहीत आहे तिथे मोजणीची वाट पाहू नये. ज्याचं कारण माहीत नाही तिथे मोजल्याशिवाय पैसा ओतू नये. किडनीचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे. आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागाकडे पाहा. तिथेही वर्षानुवर्षं किडनी जात राहिल्या, तिथेही पाण्यावर संशय. सरकारने सुमारे ७०० कोटींची योजना करून वंशधारा नदीचं पाणी गावोगाव नेलं, पलासा इथे २०२३मध्ये किडनी संशोधन केंद्र आणि रुग्णालय उभं केलं. लोकांना चांगलं पाणी मिळालं, जवळ उपचार मिळाले, हे दोन्ही उत्तमच. पण आजार नेमका कशाने होतो यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. श्रीलंकेच्या भातशेतीच्या पट्ट्यातही तीच कथा. उन्हात तासन्‌तास घाम गाळणं, कमी पाणी पिणं, अंगदुखीच्या गोळ्या, कीटकनाशकं, जड धातू, न सापडलेला मधुमेह आणि रक्तदाब, सगळ्यांवर संशय आहे. घाटाखालच्या कापूस-सोयाबीनच्या मजुराच्या आयुष्यात यांतलं जवळजवळ सगळंच आहे. दुपारी उन्हात निंदण, रात्री पाठदुखीसाठी किराणा दुकानातून आणलेली गोळी. पाण्यावरच सगळा आळ घातला तर ती गोळी सुटून जाते.

गंमत म्हणजे उत्तराकडे नेणारा प्रयोग इथे आधीच मांडून ठेवला आहे. वान धरणाच्या पाण्यावर जळगाव जामोद आणि संग्रामपूर भागासाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना झाली. अशा योजनेचं पाणी सगळ्यांना एकाच दिवशी, सारखं मिळत नसतं. कुठे आधी पोचतं, कुठे उशिरा, कुठे नळाला तोटी आहे पण पाणी नाही. प्रत्येक गावाला गोड पाणी नियमित कधीपासून मिळतंय याची तारीख काढा आणि त्या-त्या गावातल्या किडनीच्या स्थितीशी लावून पाहा. गोड पाणी लवकर मिळालेल्या गावांत नवे रुग्ण खरंच कमी असतील तर पाण्यावरचा आरोप बळकट होईल आणि उरलेल्या गावांसाठी भांडायला हातात पुरावा येईल. नसतील, तर दुसरीकडे पाहावं लागेल. यासाठी परदेशी निधी लागत नाही, पाणीपुरवठा विभागाची वही आणि आरोग्य विभागाची वही शेजारी ठेवावी लागते.

माणसं कुठून आणायची? २०२४मध्ये बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, शंभर जागांचं. जिल्ह्यात त्याचं स्वागत झालं ते मोठ्या रुग्णालयाच्या आशेने, आणि ती आशा रास्त आहे. मला मात्र त्यातला सामुदायिक वैद्यकशास्त्राचा, सगळे ज्याला पीएसएम म्हणतात तो विभाग जास्त महत्त्वाचा वाटतो. नव्या अभ्यासक्रमानुसार प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन शिक्षणभर त्यांच्याकडे जायचं असतं. बहुतेक ठिकाणी याचं फोटो काढून फाईल भरणं होतं. ही कुटुंबं महाविद्यालयाच्या जवळच्या, सोयीच्या गावांत न निवडता निम्मी घाटावर आणि निम्मी घाटाखाली, चिठ्ठ्या टाकून निवडली, तर दरवर्षी शेकड्याने घरं जोडली जातील आणि पाच-सहा वर्षांत जिल्ह्याकडे स्वतःची, कायमची, मोजलेली लोकसंख्या असेल. पुण्याजवळ वढूला केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२पासून अशी नोंद ठेवली आहे. ते काही अशक्यातलं काम नाही. आशा तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ हा आजारांच्या जोखमीचा फॉर्म आताही भरतेच. घाटाखालच्या तालुक्यांत त्याला तीन प्रश्न जोडा: पिण्याचं पाणी कुठलं, उन्हातलं काम किती तास, अंगदुखीच्या गोळ्या आठवड्यात किती. पण मग तिच्याकडून दुसरी दोन रजिस्टरं काढून घ्या आणि या कामाचे वेगळे पैसे द्या. नाहीतर ती काय भरेल हे सगळ्यांना ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र आधी ठरली पाहिजे. मोजणाऱ्याला आकड्याबद्दल शिक्षा होता कामा नये. बालमृत्यूंच्या बाबतीत महाराष्ट्राने हे अनुभवलं आहे. स्वयंसेवी संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ या अहवालातून दाखवलं की सरकारी नोंदीत येतात त्याहून किती तरी जास्त बाळं मरताहेत, तेव्हा पहिली प्रतिक्रिया आकड्यांवर शंका घेण्याची होती. ज्या तालुक्याचा आकडा वाढेल त्या वैद्यकीय अधिकाऱ्याची खरडपट्टी, हा नियम असेपर्यंत कुठलाही आकडा खरा येणार नाही. याच जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हजार मुलग्यांमागे मुली २००१ला ९०८ होत्या आणि २०११ला ८५५ झाल्या. त्या दहा वर्षांत दर महिन्याला सोनोग्राफी केंद्रांचे अहवाल जात होते, तपासण्या होत होत्या, कागद नीट होते. घरोघरच्या जनगणनेने एका फटक्यात सांगितलं की कागद खोटं बोलत होते.

उलट बाजूचाही धोका आहे. एका गावात चार किडनीचे रुग्ण निघाले की लगेच ते ‘किडनीचं गाव’ होतं. हजार-बाराशे वस्तीच्या गावात चारचे आठ निव्वळ योगायोगानेही होऊ शकतात. शेकडो गावं तपासली तर काही गावं अशी निघणारच. म्हणून तुलनेची गावं हवीत, आणि म्हणूनच गावाचं नाव वर्तमानपत्रात जाण्याआधी ते गावाला कळलं पाहिजे. शेगाव तालुक्यात ज्यांनी रक्त दिलं, केस दिले, त्यांना आपल्या शरीराबद्दलची माहिती टीव्हीवरून मिळाली. नाव बदनाम झाल्यावर सोयरीक जमत नाही, हे संशोधकाला कळत नसेल तर त्याला गावात शिरू देऊ नये, असं मी स्पष्ट म्हणेन.

पैशाचा प्रश्न मला तितकासा मोठा वाटत नाही. जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनांसाठी वेगळा वाटा असतो; तो कधी हायमास्ट दिव्यांवर जातो, कधी ओपन जिमवर. जिल्ह्याचे खासदार जून २०२४पासून केंद्रात आरोग्य राज्यमंत्री आहेत, तेव्हा आयसीएमआरचा दरवाजा कुणी ठोठावायचा हेही शोधायला नको. खारपाण पट्ट्यातल्या तीन जिल्ह्यांचा एक आराखडा करायला अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी एक बैठक बोलवावी लागेल.

किडनीच्या मोजणीची पहिली फेरी संग्रामपूर आणि जळगाव जामोदमधली तीस गावं आणि घाटावरच्या लोणार-मेहकरमधली तीस, एवढ्यावर होऊ शकते. प्रत्येक गावातून चिठ्ठीने निवडलेले प्रौढ, रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं, साखर, रक्तदाब. तपासणी मे महिन्यात करू नये. उन्हाने सुकलेल्या शरीरात क्रिएटिनिन तात्पुरतं चढतं आणि धडधाकट माणूस रुग्ण ठरतो. हिवाळ्यात करावी, आणि ज्यांचा आकडा बिघडलेला निघेल त्यांची तीन महिन्यांनी पुन्हा, कारण एका तपासणीवर किडनीचा जुनाट आजार म्हणता येत नाही. दोन्ही निकाल आधी त्या माणसाच्या हातात, मग त्याच्या गावच्या ग्रामसभेत नावं न घेता, आणि त्यानंतर जिल्ह्याच्या बैठकीत. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात डायलिसिसची किती यंत्रं मागायची, ती शेगावला ठेवायची की जळगाव जामोदला, आणि यंत्रांपेक्षा उपकेंद्रातल्या रक्तदाबाच्या गोळ्यांवरच जास्त पैसा लावायचा का, हा वाद त्या बैठकीत घालता येईल.